गाणं ऐकून डोळ्यांत पाणी येतं, ते खरं कुणाचं?

विषयाचं नाव वाचून काही जण मघाशी दारातच म्हणाले, की हा विषय मानसशास्त्राचा आहे, इतिहासाचा नाही. थोडा वेळ द्या, इतिहासही येईल. सुरुवात मात्र एका प्रसंगापासून करतो. तो आम्ही डोळ्यांनी पाहिलेला आहे, आणि तो इथलाच, या कल्याण-डोंबिवली पट्ट्यातला.

काही वर्षांपूर्वी आम्ही जुन्या भावगीतांच्या एका कार्यक्रमाला गेलो होतो. कार्यक्रम कुणाचा, सभागृह कोणतं, हे सांगत नाही, कारण त्याची गरज नाही. गर्दी चांगली होती. आमच्या शेजारी सत्तरीच्या एक आजी बसल्या होत्या. आईवरचं एक गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्याला आजींनी पदर डोळ्यांना लावला. आमचाही गळा भरून आला होता, उगाच खोटं कशाला सांगू! तेवढ्यात गायिकेला ठसका लागला. हात तोंडावर गेला, माईक खाली आला, आणि ओळ मात्र पूर्ण झाली. सुरात, शब्दांसकट, मुरकीसकट.

सभागृहात आधी शांतता, मग मागच्या रांगेत हशा. कुणीतरी शिट्टी मारली. आम्हाला राग आला. फसवले गेल्याचा राग तर होताच, पण त्याहून जास्त लाज वाटली, की आपण रेकॉर्डला रडलो. आजींना विचारलं, "आजी, तुमच्या लक्षात आलं ना?" त्या म्हणाल्या, "आलं की. पण मला माझी आई आठवली, ती काय त्यांनी रेकॉर्डवर भरून ठेवली होती?"

या उत्तराने आमची बोलती बंद झाली. पण गोष्ट तिथे संपली नाही. कार्यक्रमानंतर जिन्यात तबलजी भेटले, ओळखीचे. आम्ही जरा चिडूनच विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, हल्ली आम्हाला बसायचे पैसे मिळतात, वाजवायचे नाहीत." एवढं बोलून त्यांनी तबल्याची पिशवी खांद्याला लावली आणि शेवटची लोकल पकडायला निघून गेले.

त्या रात्री आमच्यापुढे दोन वाक्यं राहिली, एक आजींचं आणि एक तबलजींचं. दोन्ही खरी वाटत होती आणि दोन्ही एकमेकांशी भांडत होती. आजचं व्याख्यान म्हणजे त्या भांडणाचा इतिहास आहे. गाणाऱ्याचं दुःख खरं असावं लागतं का? ऐकणाऱ्याचं रडणं खरं कधी मानायचं? आणि आवाज त्याच माणसाचा, त्याच क्षणाचा आहे, याची खात्री कोणी द्यायची? हे तीन वेगळे प्रश्न आहेत. आपण ते नेहमी एकत्र करतो आणि म्हणून गोंधळ होतो.

पहिला प्रश्न सगळ्यात जुना. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे थिजणं, घाम येणं, काटा येणं, आवाज फुटणं, कापणं, रंग उडणं, डोळे भरणं आणि भान हरपणं. आज गाणं ऐकून आपल्याला जे जे होतं ते बहुतेक सगळं या यादीत आहे. पण आमच्या दृष्टीने यादीपेक्षा त्यापुढची चर्चा मोलाची आहे. हे भाव वेगळे का काढले? भरताचं म्हणणं असं, की ते मन एकाग्र झाल्याशिवाय येत नाहीत. लक्ष दुसरीकडे असलेला माणूस हात हलवू शकेल, मान फिरवू शकेल, पण त्याला डोळ्यांत पाणी आणता येणार नाही. ज्याला दुःख झालेलं नाही तो दुःखाचे अश्रू कसे दाखवील, हा प्रश्न त्या ग्रंथात उघड विचारलेला आहे. म्हणजे रंगभूमीचं शास्त्र लिहिलं जात होतं तेव्हाच ही शंका हजर होती.

याच प्रश्नावर युरोपात नेमकं उलटं उत्तर दिलं गेलं. फ्रेंच विचारवंत दिदेरो याचा नटाच्या कलेवरचा प्रसिद्ध संवाद 1830 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापला गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की थोर नट स्वतः रडत नाही, तो प्रेक्षकांना रडवतो. स्वतः रडू लागला तर आज चांगला रडेल, उद्या वाईट रडेल आणि परवा त्याला रडूच येणार नाही. दोन्ही मतांत तथ्य आहे, पण हा वाद पुस्तकातून सुटत नाही. आपल्या मराठी रंगभूमीने त्याची दोन जिवंत उदाहरणं ठेवली आहेत. दोन्ही एकाच माणसाची आहेत.

त्याआधी थोडं मागे जाऊ. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगमंचावर आणलं आणि मराठी संगीत नाटकाचं युग सुरू झालं. ते युग महाराष्ट्रभर पसरलं त्यात रेल्वेचा वाटा मोठा आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, आणि पुढच्याच वर्षी, 1 मे 1854 रोजी, ती कल्याणपर्यंत आली. इथून एक फाटा कसाऱ्याकडे आणि एक कर्जतकडे गेला. नाटक कंपनी म्हणजे पडदे, पेट्या, ऑर्गन, आचारी, पोरंबाळं. बैलगाडीवर जे महिन्यात जमलं नसतं ते आगगाडीने आठवड्यात जमू लागलं. म्हणजे बघा, जिवंत आवाज गावोगाव पोचवणारं पहिलं यंत्र ग्रामोफोन नव्हे, आगगाडी.

आता ती दोन उदाहरणं.

12 मार्च 1911. मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग. संगीत गोविंदराव टेंब्यांचं आणि भामिनीच्या भूमिकेत नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. वय तेवीसही पुरं नव्हतं. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारली. प्रयोग रद्द करण्याची तयारी होती. बालगंधर्वांनीच तो करायचं ठरवलं, लोक आशेनं आलेत त्यांचा विरस नको म्हणून. 'मानापमान' हे काही शोकनाट्य नव्हे. त्यात प्रेम आहे, रुसवा आहे, थट्टा आहे. त्या रात्री गाणाऱ्याच्या मनात खरं दुःख होतं आणि गळ्यातून मात्र शृंगार निघत होता. त्या शृंगाराला लोकांनी मनापासून दाद दिली.

दुसरं उदाहरण 1919 चं. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला'. गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी गेले आणि नाटक त्यानंतर महिन्याभरात रंगमंचावर आलं. बालगंधर्व सिंधू. दारूने संसार उद्ध्वस्त झालेली, ठिगळांच्या लुगड्यात दळण दळणारी सिंधू. महाराष्ट्र तिच्यासाठी ढसाढसा रडला. आता या रडण्याचा कच्चा माल काय होता ते पाहा. भूमिका बाईची, करणारा पुरुष. नाटक गडकऱ्यांचं, पण पदं गडकऱ्यांची नव्हेत, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. आणि कितीतरी चाली आल्या सुंदराबाई जाधवांकडून, म्हणजे बैठकीच्या गाण्यातून, जिथे त्या चालींवर वेगळेच शब्द, वेगळेच भाव नांदत होते. तपासायलाच बसलो तर त्या दुःखातली एकही वस्तू 'मूळची' नाही. तरी रडणं खोटं होतं असं म्हणायची आमची छाती नाही.

दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवली म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, निदान आम्हाला तरी मिळालं. गाणाऱ्याच्या मनातलं आणि गाण्यातलं यांची एकास एक जोडी लावता येत नाही. 1911 ला आतलं दुःख बाहेर आलं नाही, 1919 ला बाहेरचं दुःख आतलं नव्हतं. मग खरं काय होतं? दोन्ही वेळा त्या क्षणी सूर खरा होता. भरत ज्याला मनाची एकाग्रता म्हणतो ती दोन्हीकडे होती. आम्हाला वाटतं भरत आणि दिदेरो दोघांनाही तोंड दाखवता येईल असं उत्तर हेच आहे. भावना उसनी चालेल, लक्ष उसनं चालत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ, ऐकणाऱ्याच्या रडण्याकडे. गाणारा खरा की खोटा हे आपण आवडीने तपासतो. श्रोताही खोटा असू शकतो, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो. इथे पॅरिसची एक गंमत सांगायलाच हवी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, 1820 च्या सुमारास, तिथे नाटकगृहांना भाडोत्री प्रेक्षक पुरवण्याचा रीतसर धंदा सुरू झाला. टाळ्या वाजवणारे वेगळे, हसणारे वेगळे, आणि रुमाल डोळ्यांना लावून रडणारे वेगळे. रडण्याचं काम मुख्यतः बायकांकडे असे. आणखी एक वर्ग होता, तो पुन्हा एकदा, पुन्हा एकदा असं ओरडायचा. म्हणजे आपला वन्समोर, पण पगारी!

आपल्याकडचा वन्समोर भाडोत्री नव्हता, पण त्याचीही एक अडचण होती. सिंधू दुःखाने कोलमडलेली आहे, पद संपलं, आणि थिएटर गरजलं, वन्समोर. मग सिंधूने डोळे पुसायचे, ऑर्गनवाल्याकडे पाहायचं आणि पुन्हा पहिल्यापासून कोलमडायचं. प्रयोग रात्रभर चालत. पहाट व्हायची. नाट्य मागे पडतं आणि गाणं पुढे जातं, अशी तक्रार तेव्हाही होत होती. पण वन्समोर देणारा प्रेक्षक ढोंगी होता का? नाही. त्याला हे नाटक आहे हे पक्कं ठाऊक होतं आणि तरी तो रडत होता. ठाऊक असणं आणि रडणं ही दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात. आजी ती करत होत्या, आम्हाला मात्र ते जमलं नव्हतं.

कीर्तनाच्या बाबतीत शंकेची जागा आणखी वेगळी. देवळातल्या कीर्तनात बुवांच्या डोळ्यांत आख्यानाच्या वेळी पाणी येतं. तेच आख्यान, तीच जागा, तेच पाणी, दर वर्षी. कुणी म्हणतं सवय आहे, कुणी म्हणतं भाव आहे. तुकोबांनी मात्र अश्रू तपासायचा खटाटोप केला नाही. त्यांचा राग होता तो कीर्तनाचा बाजार मांडणाऱ्यांवर, त्याचं द्रव्य करणाऱ्यांवर, आणि त्यांच्यावर त्यांनी फार कडक शब्दांत कोरडे ओढले. म्हणजे खरेपणाची कसोटी त्यांनी डोळ्यांतल्या पाण्याकडून व्यवहाराकडे नेली. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

आणि कल्याणकरांना एक वेगळी आठवण करून देतो. 1657 मध्ये कल्याण स्वराज्यात आलं. त्याला जोडून सुभेदाराच्या सुनेचा प्रसंग पोवाड्यांत, कीर्तनांत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये पिढ्यान् पिढ्या गायला गेला. आपल्यापैकी कितीतरी जणांचा ऊर तो ऐकून भरून आला असेल. आमचाही आला आहे. पण प्रसंगाचा तपशील समकालीन साधनांत कितपत सापडतो, यावर अभ्यासकांत वाद आहेत. आता कुणी म्हणेल, आमच्या डोळ्यांत पाणी येतं म्हणजे ते घडलंच असणार. इतिहासाच्या माणसाला हे मान्य करता येत नाही. उलट कुणी म्हणेल, पुरावा कच्चा आहे म्हणजे तुमचं भरून येणं खोटं. तेही मान्य करता येत नाही. परस्त्रीच्या सन्मानासाठी समाजाचा गळा दाटतो, ही गोष्ट त्या समाजाबद्दल खरं काहीतरी सांगते. पण ती 1657 बद्दल पुरावा देत नाही. अश्रू हा साक्षीदार चांगला, पण तो फक्त स्वतःपुरतीच साक्ष देतो.

आता तिसरा प्रश्न, आवाज कुणाचा? हा प्रश्न यंत्राबरोबर जन्माला आला. त्याआधी गाणारा समोर असे, शंका घ्यायला जागाच नव्हती. नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं. तबकडीवर तीनेक मिनिटांचं गाणं, आणि शेवटी बाई स्वतःचं नाव इंग्रजीत सांगतात. आज ऐकताना तो मिजास वाटतो. कारण मात्र व्यवहाराचं होतं. मुद्रण इथे व्हायचं आणि तबकड्या जर्मनीत हॅनोवरला तयार व्हायच्या. तिथल्या कामगारांना गाणाऱ्याचं नाव कळावं म्हणून ते आवाजातच नोंदवायचं. पण इतिहासात या घोषणेला मोठा अर्थ आहे. शरीरापासून सुटलेल्या आवाजाला पहिल्याच दिवशी ओळखपत्र लागलं.

पुढे बोलपट आला. सुरुवातीला नट स्वतः गात. 1935 मध्ये न्यू थिएटर्सच्या 'धूपछाँव'पासून पार्श्वगायन रुळायला लागलं. चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा. आणि 1949 मध्ये 'महल' आला तेव्हा गंमत अशी, की त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नावच नव्हतं. तिथे लिहिलं होतं 'कामिनी', म्हणजे पात्राचं नाव! लोकांनी रेडिओकडे विचारणा केली, की ही गाते कोण? मग लता मंगेशकर हे नाव घरोघर झालं. विचार करा. ज्यांच्या अंगावर त्या सुराने काटा आला त्यांना आवाज कुणाचा हे ठाऊक नव्हतं. काटा खरा होता, लेबल खोटं होतं. पण लोकांना नाव हवं होतं, कारण ज्या सुराने आपल्याला हलवलं त्याचं देणं कुणाला द्यायचं हे त्यांना कळायला हवं होतं. आमच्या मते पूर्ण पार्श्वगायनाच्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर मागणी आहे.

याच लताबाईंनी 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर, चीनच्या युद्धानंतर, कवी प्रदीप यांचं गीत सी. रामचंद्रांच्या संगीतात गायलं आणि पंडित नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं. ही आठवण लताबाईंनी स्वतः अनेकदा सांगितलेली आहे. काही लोक आजही विचारतात, नेहरू खरंच रडले का? ऐतिहासिक चौकशी म्हणून प्रश्न ठीक आहे. पण एक लक्षात घ्या, नोव्हेंबर 1962 चा पराभव होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. स्टेडियममधल्या माणसांना रडायला गाण्याने कारण दिलं नाही. कारण त्यांच्याकडे होतंच, गाण्याने परवानगी दिली. आजींच्या आईचं तेच झालं होतं.

आणि रेडिओ? 1 एप्रिल 1955, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचं 'गीतरामायण' सुरू झालं. वर्षभर, छप्पन्न गीतं. लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत. समोर गायक नाही, लाकडाची पेटी आहे. शिकलेली माणसं हसली असतील. पण घरात देव्हाऱ्यातल्या तसबिरीलाही आपण हार घालतोच, आणि ती तसबीर छापील आहे हे आपल्याला माहीत असतं. रेडिओने कुणाला फसवलं नव्हतं. पेटी ही पेटीच आहे असंच ती सांगत होती. फसवणूक यंत्राने होत नाही. यंत्र लपवल्याने होते.

इथे आपण आजच्या काळात येतो. 1989 मध्ये अमेरिकेत मिली व्हॅनिली नावाच्या जोडीच्या भर कार्यक्रमात मुद्रित गाणं अडकलं आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहिली. पुढे कळलं, की तबकडीवरचे आवाजही त्यांचे नव्हते. 1990 च्या फेब्रुवारीत मिळालेला ग्रॅमी पुरस्कार त्याच वर्षी नोव्हेंबरात काढून घेतला गेला. मग 1997 मध्ये ऑटोट्यून बाजारात आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींच्या नोंदी वाचण्याचं काम करत. जमिनीखालचं तेल शोधणारं गणित गळ्यातला बेसूर शोधू लागलं. आज बेसूर दुरुस्त करणारं यंत्र थेट कार्यक्रमातही लावता येतं. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांत श्रोत्याचा भरलेला डोळा संकलनाच्या टेबलावर कोणत्याही गाण्याला जोडता येतो. म्हणजे पॅरिसचा रुमालवाला वर्ग परत आला, फक्त त्याला आता तिकीट आणि पगार दोन्ही लागत नाही.

याचा परिणाम काय झाला, तर शंका सगळीकडे पसरली. परवा एका तरुण मुलीने बैठकीत मोकळ्या गळ्याने सुंदर तान घेतली, तर मागचा माणूस म्हणाला, "ट्रॅक असेल." माईकसुद्धा नव्हता हो! ही खरी हानी आहे. खोट्या गाण्याने खऱ्याचे पैसे खाल्ले, एवढ्यावर ते थांबलं नाही. त्याने खऱ्यावरचा विश्वासही खाल्ला.

आणि ही हानी आपल्या भागात जास्त बोचते, कारण आपल्याकडे समोर बसून ऐकण्याची परंपरा आहे. कल्याण गायन समाज 1926 चा. देवगंधर्व म्हणून ओळखल्या गेलेल्या भास्करबुवा बखल्यांची आठवण देवगंधर्व महोत्सवातून या गावाने जागती ठेवली. हेच भास्करबुवा बालगंधर्वांचे गुरू. शेजारी ठाण्यात राम मराठे राहिले, ज्यांनी लहानपणी चित्रपट, मग नाटक आणि मैफल, तिन्ही ठिकाणी गळा सिद्ध केला. 1963 च्या 'मंदारमाला'त त्यांचं गाणं ऐकायला लोक पुन्हा पुन्हा जात. त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव ठाण्यात होतो. अशा बैठकीत समोरच्या रांगेत बसलेल्या माणसाला गवयाचा श्वास ऐकू येतो. तान कुठे चुकली, कुठे सावरली, हे दिसतं. आणि आम्हाला विचाराल तर डोळ्यांत पाणी बहुतेकदा त्या सावरण्याच्या जागी येतं. तान तयार होती म्हणून ते येत नाही. हा माणूस आत्ता आपल्यासमोर धोका पत्करतोय, हे दिसतं म्हणून येतं. मुद्रित गाण्यात सगळं असतं, हा धोका नसतो.

शास्त्रज्ञांनीही थोडं शोधलं आहे. 1980 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अव्रम गोल्डस्टीन यांनी संगीताने येणाऱ्या शहाऱ्यांवर प्रयोग केले. शरीरातली अफूसदृश द्रव्यं रोखणारं औषध दिल्यावर काहींचे शहारे कमी झाले. म्हणजे काटा येणं ही केवळ कविकल्पना नाही, शरीरात काहीतरी घडतं. पण हे लक्षात घ्या, की त्यांनी ऐकवलेलं संगीत मुद्रितच होतं. शरीराला गाणं पुरतं. ते थेट आहे का, हा प्रश्न शरीर विचारत नाही. तो प्रश्न माणूस विचारतो, कारण माणसाला दुसऱ्या माणसाशी हिशेब ठेवायचा असतो.

म्हणून आता ती दोन वाक्यं पुन्हा समोर ठेवतो. आजी म्हणाल्या, आई काय रेकॉर्डवर भरून ठेवली होती? अगदी बरोबर. त्यांचं रडणं त्यांचं होतं आणि ते कुणी खोटं पाडू शकत नाही. त्याची लाज वाटायचं आम्हालाही कारण नव्हतं. तबलजी म्हणाले, बसायचे पैसे मिळतात. हेही बरोबर. आणि इथे तुकोबांची कसोटी लागते. अश्रूंची चौकशी करू नका, व्यवहाराची करा. तिकिटावर लिहिलं आहे 'सादर करणार'. मग सादर झालं पाहिजे. ट्रॅकवर गायचं असेल तर खुशाल गा, सगळ्यांना वादक परवडत नाहीत हे आम्हालाही कळतं. पण कार्यक्रमपत्रिकेवर तसं छापा. वादकांना खुर्चीवर शोभेला बसवू नका. एकच तबला, एकच पेटी असू दे, पण ती वाजू दे. 1949 च्या श्रोत्यांनी विचारलं होतं, गाते कोण? आपणही आयोजकांना तेवढंच विचारायचं आहे. एक साधं वाक्य आहे, चार जणांनी विचारलं तरी फरक पडतो.

शेवटी एकच सांगतो. सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये आपल्याकडे भजनी मंडळं असतात. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या डब्यात उभे राहिले असतील. टाळ असतात, डब्याचा पत्रा हाच पखवाज, आणि गाणारा कधी बँकेतला, कधी गोदीतला. गळा बसलेला असतो, सूर कधी वर कधी खाली. एकदा तिथे एक गृहस्थ अभंग म्हणताना मध्येच थांबले. आवाज फुटला. नंतर कळलं, की त्यांच्या वडिलांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. ओळ अर्धीच राहिली होती. ती कुणी रेकॉर्डने पुरी केली नाही. शेजारच्या चौघांनी उचलली, मग सगळ्या डब्याने उचलली, आणि घाटकोपर येईपर्यंत त्या गृहस्थांनी ती परत आपल्या हाती घेतली.

ठसका लागल्यावर ओळ कोण पूर्ण करतं, एवढं पाहिलं तरी पुरे.